यार्ड सेलमधलं काय घरात आणावं, काय दारातच सोडावं

प्रश्न थोडक्यात असा : लिहिणारी वाचक आठ महिन्यांपूर्वी नाशिकहून न्यू जर्सीला आली. पती एच-१बी व्हिसावर नोकरी करतात, ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, त्यावर वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे घरात एकच पगार. चार वर्षांची मुलगी आहे आणि आता पाचवा महिना सुरू आहे. शेजारीण तिला शनिवारी सकाळी आसपासच्या यार्ड सेलना, म्हणजे लोक आपल्या अंगणात मांडतात त्या वापरलेल्या वस्तूंच्या विक्रीला, घेऊन जाते. दोन डॉलरला मुलीचा स्वेटर, पाच डॉलरला लाकडी स्टूल अशी खरेदी तिला आवडते. पण चाळीस डॉलरला आणलेलं ब्रेड मशीन घरी चाललंच नाही. तेव्हापासून पती म्हणतात, 'लोकांनी टाकलेल्या वस्तू घरात नकोत, ढेकूण येतील.' सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, 'बाळालासुद्धा दुसऱ्याचं वापरलेलंच का?' आता एका सेलवाल्या बाईंनी बाजू खाली सरकणारी लाकडी क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, चाळीस डॉलरला आणि बाळाला गाडीत बसवायची कार सीट वीस डॉलरला तिच्यासाठी शनिवारपर्यंत राखून ठेवली आहे. शिवाय शेजारीण म्हणते, स्वस्तात घेतलेलं ईबेवर विक, चार पैसे मिळतील. तिचा प्रश्न : 'हे सगळं बंद करू, की नीट शिकून घेऊ?'

प्रिय मैत्रिणी,

शनिवार जवळ आलाय, म्हणून आधी त्या दोन वस्तूंचं सांगते. दोन्ही घेऊ नका. आजच निरोप पाठवा, म्हणजे त्या बाईंचाही खोळंबा होणार नाही.

बाजू खाली सरकणारी क्रिब अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकताच येत नाही, नवी नाही आणि वापरलेलीही नाही. कारण साधं आहे. ती बाजू ज्या खाचांवर आणि खिट्ट्यांवर सरकते, त्या वापराने झिजतात किंवा तुटतात. मग बाजू एका कोपऱ्यातून सुटते, फट तयार होते, त्या फटीत बाळ घसरतं आणि अडकून गुदमरतं. त्या बाईंना हा नियम बहुधा ठाऊक नसेल. सौम्यपणे सांगा, त्यांच्याकडूनही ती दुसऱ्या कोणाच्या घरी जायला नको. दुसरी एखादी वापरलेली क्रिब घ्यायचीच झाली, तर चारही बाजू पक्क्या असलेलीच बघा, आणि १० वर्षांपेक्षा जुनी नको. कंपनी, मॉडेल आणि उत्पादनाची तारीख लिहिलेलं लेबल शाबूत हवं. दोन पट्ट्यांमधलं अंतर सव्वादोन इंचांच्या किंचित वर, म्हणजे २ ३/८ इंचांपर्यंतच चालतं. कोल्ड्रिंकचा कॅन त्यातून पलीकडे जात असेल तर क्रिब नापास. गादी बसवल्यावर कडेला दोन बोटांहून जास्त फट राहता कामा नये. आणि एकही मूळचा स्क्रू हरवलेला असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून मिळताजुळता आणून भागवू नका.

कार सीटचं तर याहून अवघड आहे, कारण तिच्यातला दोष डोळ्यांना दिसतच नाही. मध्यम किंवा मोठ्या अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते. आतला फोम दबलेला असतो, प्लास्टिकला बारीक तडे गेलेले असतात, पण कापडाचं कव्हर स्वच्छ धुतलेलं असतं. 'कधीच ठोकलेली नाही' हे वाक्य खरं असेलही, पण ते तपासायचा मार्ग तुमच्याकडे नाही. शिवाय प्रत्येक सीटला मुदत असते, साधारण ६ ते १० वर्षं. ती मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर असते. सख्ख्या मैत्रिणीची, मुदतीतली, रिकॉल न झालेली, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत न मागवलेली, आणि पुस्तिकेसकट असेल तर विचार करता येईल. अनोळखी टेबलावरची नको. यात एक दिलासा आहे : अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या स्वस्तातल्या स्वस्त नव्या सीटलाही महागड्या सीटइतकंच तेच संघीय मानक, क्रमांक २१३, पाळावं लागतं. जास्तीचे पैसे कापड, वजन आणि सोयीचे असतात. सीट गाडीत नीट बसली आहे का, हे प्रशिक्षित तंत्रज्ञ बऱ्याच ठिकाणी फुकट तपासून देतात. जवळचं केंद्र संघीय रस्ते सुरक्षा कार्यालयाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर सापडेल.

डोहाळेजेवण होणार असेल आणि मैत्रिणी 'काय हवं' म्हणून विचारत असतील, तर संकोच न करता कार सीट सांगा. चार-पाच जणींनी मिळून एक घेतली तर कोणालाच भार होत नाही, आणि घरात एकसारखे आठ फ्रॉक येत नाहीत.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यात राग कमी आणि काळजी जास्त आहे. तरी त्यामागचं गृहीतक एकदा तपासून बघा. आपल्याकडे तान्ह्या बाळाला गुंडाळतात ते बहुतेकदा जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यात किंवा धोतरात. लंगोट त्याच कापडाचे. गोधडी तर जुन्या साड्यांशिवाय होतच नाही. थोरल्या भावंडाची, मामेबहिणीची झबली-टोपडी एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. वापरलेल्या वस्तूचं वावडं आपल्या घरांना कधीच नव्हतं. पण ते लुगडं आजीचं होतं. ते कोणी नेसलं, कशात धुतलं, कुठे वाळवलं, सगळं माहीत होतं. टेबलावर दोन डॉलरची चिठ्ठी लावून ठेवलेल्या वस्तूबद्दल यातलं काहीच माहीत नसतं. तुमच्या पतींची आणि सासूबाईंची खरी अडचण ही आहे, आणि ती रास्त आहे.

'लोकांनी टाकलेल्या' हा शब्द मात्र पटत नाही. टाकायचं असतं तर ते कचऱ्याच्या गाडीत गेलं असतं. मुलं मोठी झाली, घर लहान घेतलं, वडील गेले, बदली झाली, म्हणून लोक अंगणात टेबलं मांडतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारत विकतात. ही प्रथा तिथे इतकी मुरलेली आहे की १९८७ मध्ये सुरू होऊन वाढत गेलेला एक यार्ड सेल आता दर ऑगस्टच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत, सहा राज्यांतून, सुमारे ६९० मैल रस्त्याच्या कडेने सलग भरतो.

तर वस्तू हातात घेतल्यावर स्वतःला एकच विचारा : हिच्यावर काय काय बेतलंय ते हिच्याकडे बघून कळतंय का? लाकडी खुर्ची डुगडुगते ते हात ठेवताच कळतं. बिडाच्या तव्याची चीर दिसते, नाही दिसली तर आवाजात कळते. स्वेटरचं भोक उजेडात धरलं की दिसतं. या वस्तू बिनधास्त बघा. पण सायकलच्या हेल्मेटचा फोम एका आपटण्यानंतर निकामी होतो आणि वरून हेल्मेट चकाचक दिसतं. गादीत, सोफ्यात, उशीत काय दडलंय ते कळत नाही. ब्रेस्ट पंप बहुतेक एकाच बाईने वापरण्यासाठी बनवलेले असतात. दूध नळीतून आत मोटरपर्यंत गेलं असेल तर ते उकळून धुता येत नाही. तो विकत घ्यायची गरजही नाही : तिथल्या कायद्याने बहुतेक आरोग्य विमा योजनांना पंपाचा खर्च द्यावा लागतो, नवा किंवा भाड्याचा. विमा कंपनीला सातव्या-आठव्या महिन्यात फोन करा. बाळाला तिरकं झोपवायचे स्लीपर आणि क्रिबच्या कडेला बांधायचे जाड गादीवजा बंपर यांच्यावर २०२२ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ते टेबलांवर दिसतात आणि दिसायला फार गोड असतात. सोडून द्या.

बाळाची बाकी कुठलीही वस्तू, स्ट्रोलर, उंच खुर्ची, झोका, घेण्याआधी लेबलवरचा मॉडेल क्रमांक फोनवरून सीपीएससीच्या रिकॉल यादीत शोधा. हे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचं संघीय कार्यालय. दोन मिनिटं लागतात. लेबलच नसेल तर तपासायचं काय? मग घेऊच नका.

ढेकणांची भीती खरी आहे, पण तिला उपाय आहे आणि तो महाग नाही. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बी एवढा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. दिवसा तो स्वतः दिसेल अशी आशा धरू नका, त्याच्या खुणा शोधा : शाईचा ठिपका पडावा तसे काळे डाग, टाकलेली पारदर्शक कात, पांढरी बारीक अंडी. टॉर्च घेऊन ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याचा तळ, सरकपट्ट्या, स्क्रूची भोकं, मागच्या फळीच्या कडा बघा. फटीतून जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवा, काही असेल तर बाहेर येतं. कापड लावलेलं फर्निचर तुमच्यासारख्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी घेऊच नये, फुकट असलं तरी. ढेकूण एका घरातून भिंतीपलीकडच्या घरात जातात, आणि फवारणीचं बिल नव्या सोफ्याच्या किमतीला भिडतं.

कपडे आणले की पिशवी तोंड बांधून थेट ड्रायरपाशी न्या. आधी धुवायचे नाहीत, आधी ड्रायरमध्ये टाकायचे. सर्वात जास्त तापमानावर पूर्ण ३० मिनिटं ठेवले की ढेकूण, पिल्लं आणि अंडी सगळी मरतात. ड्रायर गच्च भरू नका, मधल्या कपड्यांपर्यंत उष्णता पोचत नाही. नंतर नेहमीसारखे धुवा. रिकामी पिशवी घरात न आणता बाहेरच्या कचऱ्यात टाका. लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये आटतो, तो हवाबंद पिशवीत घालून शून्य फॅरनहाइटच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. पुस्तकांच्या बांधणीच्या खाचा बघून घ्या आणि शंका आली तर तीही फ्रीझरमध्ये जाऊ द्यात. हा क्रम पतींना एकदा समोर करून दाखवा. 'काही होत नाही' असं दहादा म्हणण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

मुलांचे थंडीचे कपडे ही यार्ड सेलची सर्वात भरवशाची खरेदी. मुलांना एका हिवाळ्यात कोट तोकडा होतो, त्यामुळे तो फारसा झिजलेला नसतो. मुलीसाठी पुढच्या दोन वर्षांच्या मापाचे कोट, स्नो पँट, बूट मे-जूनमध्ये बघा, तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. कोटाची चेन वर-खाली तीन वेळा ओढून पाहा. बुटाच्या आत हात घालून अस्तर आणि टाचेची शिवण चाचपा, तळवा वाकवून तडे बघा. टोपीच्या किंवा गळ्याच्या कडेला ओढायची दोरी असेल तर घरी आल्याबरोबर काढून टाका. घसरगुंडीत अडकून ती गळ्याला फास लावते. बॅटरीची खेळणी घेताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहा. बटण सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते, त्यामुळे नुसतं खटक्याने उघडणारं झाकण असेल तर खेळणं परत ठेवा. आणि लहान बाळ येणार आहे हे लक्षात घेऊन टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल असा कुठलाही तुकडा आतापासूनच नको.

स्वयंपाकघरात सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे जुनं बीड. पेनसिल्व्हेनियातल्या एरीचे ग्रिसवोल्ड आणि ओहायोतल्या सिडनीचे वॅगनर हे शिक्के तव्याच्या पाठीवर शोधा. या जुन्या तव्यांचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असतो, त्यामुळे धिरडी-थालीपीठ आजच्या खडबडीत तव्यांपेक्षा लवकर सुटतं. पाठीवरचा ८ आकडा इंचांचा नाही, जुन्या चुलीच्या भोकाचा आहे. तो तवा साधारण साडेदहा इंचांचा भरतो. बोटाच्या पेराने वाजवून पाहा : घणघणला तर चांगला, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. सपाट टेबलावर ठेवून कडेला दाबा. तो गोल फिरला किंवा डुलला तर काचेच्या शेगडीवर नीट तापणार नाही. वरवरच्या गंजाला घाबरू नका. तारेच्या काथ्याने घासा, उरला तर निम्मं पाणी-निम्मं व्हिनेगर यात अर्धा तास ठेवून पुन्हा घासा. त्याहून जास्त वेळ ठेवलात तर व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. धुऊन लगेच शेगडीवर कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घ्या आणि ४५० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये उपडा एक तास ठेवा. असं तीन वेळा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो, बहुतेकांचं इथेच बिघडतं. खड्डे पडलेला तवा घेऊ नका. काही लोक जुन्या बिडात मासेमारीची शिशाची वजनं वितळवत असत, म्हणून आत करड्या चकचकीत धातूचे थेंब किंवा डाग दिसले तरी नको. जुन्या रंगीत नक्षीच्या ताटल्या आणि चकाकणारी हाताने बनवलेली मातीची भांडी यांच्या रंगात शिसं असू शकतं. गरोदरपणात आणि चार वर्षांच्या मुलीच्या जेवणात ती वापरू नका, भिंतीवर लावा.

तुमच्या भागात यार्ड सेलइतकेच कामाचे असतात ते भारतात परतणाऱ्या किंवा दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या आपल्या लोकांचे मूव्हिंग सेल. मराठी मंडळाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर ते कळतात. पोळपाट, इडलीपात्र, कुकर, मिक्सर तिथे मिळतो. मिक्सरचं मागचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका : ११० किंवा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ लिहिलेलं हवं. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे सॉकेटला लावला तर कण्हत फिरतो आणि काही वाटत नाही. उलटही खरं आहे. 'पुढे भारतात नेऊ' म्हणून तिथला मोठा मिक्सर घेऊ नका, इकडे त्याला जड ट्रान्सफॉर्मर लागेल. कुकरची रबरी रिंग नवी घ्यायची हे धरूनच किंमत ठरवा. ती आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोड या भारतीय बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत विचारा. त्या मॉडेलचे मिळत नसतील तर कुकर घेऊ नका.

विजेच्या कुठल्याही वस्तूला नियम एकच : चालू करून पाहिल्याशिवाय नाही. सॉकेट मागायला लाजू नका, बहुतेक विक्रेते एक्स्टेंशन वायर बाहेर काढूनच ठेवतात. नुसता दिवा लागला म्हणजे यंत्र चाललं असं नाही. कणीक मळायला किचनएडचा स्टँड मिक्सर बघणार असाल तर पहिल्या वेगापासून शेवटच्यापर्यंत न्या, डोकं लॉक करून हलतंय का पाहा, फिरणाऱ्या दांड्याशी तेल ओघळलंय का ते बघा, आणि भांडं नि हूक सोबत आहेत ना याची खात्री करा. ते वेगळे घ्यायला गेलात की स्वस्ताई संपते. पोळ्यांची घट्ट कणीक त्यात दुसऱ्या वेगावरच मळायची, वर गेलात तर गिअर जातो. प्रिंटर घेऊ नका, शाई फार महाग पडते. जुने पेटीसारखे टीव्हीही नकोत, ते टाकायचे म्हटले तर त्रास होतो.

ब्रेड मशीन अजून टाकलं नसेल तर प्लग काढून एवढं बघा : भांडं खाली खटकन बसतंय का, आणि दांड्यावर पातं आहे का. पातं हरवलेलं असणं ही या यंत्राची नेहमीची तऱ्हा आहे, आणि ते बऱ्याच मॉडेलसाठी वेगळं मिळतं. मग प्लग लावून सुरू करा : मोटरचा आवाज येतो पण दांडा फिरत नाही, असं असेल तर आतला पट्टा बहुधा तुटला आहे. यातलं काहीच नसेल तर जाऊ द्या. पण नीट चालणाऱ्या जुन्या ब्रेड मशीनचे यार्ड सेलमध्ये १०-१५ डॉलर पुरे झाले असते, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

लाकडी फर्निचरमध्ये ड्रॉवर सगळं सांगतो. कोपऱ्यात रुंद टोकांचे लाकडी दात एकमेकांत अडकवलेले दिसले तर ते मन लावून केलेलं काम आहे. नुसता स्टेपल आणि डिंक दिसला तर हलकं. कडेला लाकडाच्या रेषा वरून खाली सलग वळतात का पाहा. वळत नसतील तर वरचा पापुद्रा आहे आणि आत बहुधा दाबलेला भुसा. भुशाच्या फळीचं कपाट एकदा सोडून पुन्हा जोडलं की स्क्रूची भोकं चुरा होऊन सैल पडतात, आणि खालची कड पाण्याने फुगली असेल तर ती पुन्हा बसत नाही. म्हणून असं कपाट अगदी स्वस्त असलं तरी जिना चढवून आणण्याच्या लायकीचं नसतं. कपड्यांचं ड्रॉवरवालं कपाट घेतलंत, तर ते भिंतीला पट्टीने बांधा. मुलं ड्रॉवर उघडून पायऱ्यांसारखी चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. भाड्याच्या घरात त्या दोन भोकांसाठी मालकाला आधी विचारा. १९७८ पूर्वीच्या वस्तूंवरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरायची. रंग घासून काढायचं काम या महिन्यांत तुम्ही अजिबात करू नका, मुलगी घरात असताना दुसऱ्या कोणीही नको. आणि उचलाउचल तर मुळीच नको.

सकाळचा बेत आदल्या रात्रीच करा. क्रेग्सलिस्ट, फेसबुक मार्केटप्लेस आणि नेक्स्टडोअर या संकेतस्थळांवर गुरुवार-शुक्रवारपर्यंत सेलच्या याद्या येतात. अख्ख्या गावाचा एकत्र सेल असेल तो आधी निवडा, कमी फिरण्यात जास्त दिसतं. पर्समध्ये एक आणि पाच डॉलरच्या नोटा, मोजपट्टी, टॉर्च, वस्तू चालवून पाहायला दोन-तीन आकारांचे बॅटरीचे सेल, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फोनमध्ये घरातल्या रिकाम्या जागांची व दारांची मापं. फर्निचर हवं असेल तर उघडताक्षणी जा. 'नो अर्ली बर्ड्स' लिहिलेलं असेल तर वेळेआधी दार वाजवू नका, त्याचा लोकांना मनापासून राग येतो. कपडे-पुस्तकं हवी असतील तर उशिरा जा, दुपारी बारानंतर लोकांना टेबल आवरायचं असतं.

घासाघीस तिथेही चालते, पण तिची चाल आपल्या भाजीबाजारासारखी नाही. वस्तूला नावं ठेवून भाव पाडायचा नाही, समोर बसलेल्या बाईंनी त्यात मुलं वाढवलेली असतात. दोन-चार वस्तू एकत्र करा आणि हसून विचारा, 'वुड यू टेक ट्वेल्व्ह फॉर ऑल ऑफ दीज?' मागितलेल्या किमतीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इथून सुरुवात केली तर कोणाला वाईट वाटत नाही. 'नाही' म्हणाले तर पूर्ण किमतीत घ्या किंवा आभार मानून ठेवा. पन्नास सेंटसाठी ताणू नका. चांगल्या स्थितीतल्या साध्या वस्तूला नव्याच्या किमतीच्या चौथाईच्या आसपास भाव रास्त. निम्म्याच्या पुढे गेला की नवीच घ्या, तिला वॉरंटी असते आणि परत देता येते. यार्ड सेलमध्ये परतीचा प्रश्नच नाही.

'स्वस्त मिळालं म्हणजे वाचलं' हेही एकदा वहीत मांडून बघा. वस्तूची किंमत, तिला लागणारा सुटा भाग, पेट्रोल, ती ठेवायची जागा आणि नको झाल्यावर तिची विल्हेवाट, एवढं धरून बेरीज करा. महिन्याची ठरावीक रक्कम पाकिटात काढा, समजा चाळीस डॉलर, आणि पाकीट संपलं की शनिवार संपला. यादी दोघांनी मिळून करा : घरात काय हवंय ते तुम्ही लिहा, काय कधीच येऊ नये ते पतींना लिहू द्या. गादी, सोफा, कार सीट त्यांच्या यादीत येणारच, आणि तुम्हीही त्यावर सही कराल. विजेच्या वस्तू तपासायला त्यांनाच सोबत न्या. नकार देणाऱ्या माणसाच्या हातात तपासणी आली की नकार हळूहळू निकष होतो. शनिवारचा तुमचा आनंद निव्वळ पैशांचा नाही असंही पत्रातून जाणवतं. नव्या देशात नोकरीशिवाय घरात बसलेल्या माणसाला चार अनोळखी लोकांशी बोलायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. ते पतींना तसंच सांगा. आणि एखाद्या शनिवारी काहीही न घेता नुसतं फिरून यायला काय हरकत आहे?

राहिला ईबेचा मुद्दा. इथे थांबा. स्वतःच्या घरातली नको झालेली वस्तू विकणं वेगळं, आणि नफ्यासाठी आणून नियमित विकणं वेगळं. एच-४ वर काम करण्याचा परवाना, म्हणजे ईएडी, नसताना दुसरा प्रकार काम समजला जाऊ शकतो, आणि त्याचा त्रास पुढे व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात होऊ शकतो. शेजारणीला हे माहीत असण्याचं कारण नाही, ती तिच्या देशात आहे. पतींच्या कंपनीचे इमिग्रेशन वकील असतील तर त्यांना एक ईमेल करून लेखी उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत ईबेवर विक्रेता म्हणून खातंसुद्धा उघडू नका.